जुनी फाइल डावीकडे, नवी उजवीकडे

सध्या एका जुन्या कथासंग्रहाची मुद्रितं तपासतेय. मूळ फाइल श्रीलिपी या जुन्या धाटणीच्या फाँटातली, प्रकाशकांनी ती युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून पाठवली आहे. अशा बदलात अक्षरं हमखास बिघडतात. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. म्हणून मूळ फाइल समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते.

पूर्वी मी अल्ट-टॅब करत बसायची. मेल, ब्राउझर, वर्डच्या चार फाइली, सगळं एकाच रांगेत. हवी ती फाइल सापडेपर्यंत ओळ डोक्यातून निघून जायची. कंट्रोल-एफ६ दाबलं की फक्त वर्डमधल्या उघड्या फाइलींमध्येच फिरता येतं, हे कळलं तेव्हा फार हायसं वाटलं.

आता दोन्ही फाइली उघडते आणि व्ह्यूमध्ये जाऊन 'व्ह्यू साइड बाय साइड' करते. एक सरकवली की दुसरीही सरकते. पण दोन फाँटांत मजकुराची लांबी सारखी नसते, पाच-सहा पानांत ओळी मागेपुढे होतात. मग 'सिंक्रोनस स्क्रोलिंग' बंद करायचं, दोन्हीकडे एकच परिच्छेद आणायचा आणि ते परत चालू करायचं.

गेल्या वर्षीची चूक मात्र अजून सलते. एका लेखकाने एकाच कादंबरीच्या दोन प्रती पाठवल्या होत्या, नावंही जवळजवळ सारखीच. मी अख्खं प्रकरण तपासलं ते जुन्या प्रतीत. त्या सगळ्या दुरुस्त्या नव्या प्रतीत उतरवता उतरवता पहाटेचे तीन वाजले. तेव्हापासून जुनी फाइल 'ओपन रीड-ओन्ली'नेच उघडते. उघडण्याच्या चौकटीत 'ओपन'शेजारच्या बाणावर टिचकी मारली की तो पर्याय दिसतो.

या संग्रहात पान १४ वर 'धोंडूतात्या' आहेत आणि पान ९६ वर 'धोंडोतात्या'. 'न्यू विंडो' केल्यावर तीच फाइल दोन खिडक्यांत उघडली, दोन्ही पानं शेजारी आली. श्रीलिपीच्या फाइलीतही हा फरक तसाच होता, म्हणजे दोष रूपांतराचा नव्हे. लेखक आता नाहीत, म्हणून त्यांच्या मुलीला फोन केला. "घरी आम्ही धोंडूतात्याच म्हणायचो हो," त्या म्हणाल्या. पान ९६ दुरुस्त केलं.