आईला गोंडोलात का नाही बसवलं? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढं व्हेनिसपर्यंत नेलंस आईला, आणि गोंडोलात नाही बसवलंस?"

मामेबहिणीच्या साखरपुड्यात हे मला निरनिराळ्या तोंडांनी ऐकवलं गेलं. फोनवर आत्या विचारते, पुण्यातून मावशी विचारते, म्युनिकमधल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तर आमच्या सांगलीशी काही संबंध नसलेल्या एका काकूंनीही विचारलं. स्वरात काळजी असते, पण खालून दुसरंच काहीतरी ऐकू येतं: मुलगी परदेशात शिकते आणि आईवर एवढासुद्धा खर्च करत नाही. तर एकदा सगळं लिहून टाकते. वाचून झाल्यावर पुन्हा विचारलंत तरी चालेल, पण मग उत्तर म्हणून हेच पाठवीन.

आधी पैशांचं, कारण सगळ्यांचा डोळा तिथेच आहे. गोंडोल्याचा, म्हणजे तिथल्या कालव्यांतून वल्हवत फिरवणाऱ्या लांबट नावेचा, दर व्हेनिसच्या पालिकेनं ठरवून दिलेला आहे. दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर पस्तीस मिनिटांना ११०. पूर्वी दिवसाचे ८० होते, २०२३ च्या नोव्हेंबरपासून वाढले. हा दर नावेचा असतो, माणशी नसतो, त्यामुळे पाच जण बसले काय आणि दोघी बसल्या काय, तेवढेच. आम्ही दोघीच होतो. शिक्षणाचं कर्ज, त्याला तारण गावभागातलं घर, आणि आठवड्यातले काही तास काम करून मिळणारा माझा पगार, हे तुम्हाला माहीत आहे. खात्यात ९० युरो नव्हते असं मी म्हणणार नाही. होते. पण ते महिन्याअखेरच्या किराणाचे होते.

"शेअर करायचं ना मग!" हे वहिनीचं. करता येतं. अनोळखी माणसांबरोबर जागा वाटून घेऊन जाणारे असतात, ते मी आधीच शोधून ठेवलं होतं. तेव्हा मला ते नको वाटलं. आई नऊवारीच्या घोळात नाही, साध्या गोल साडीतच होती, तरी तिला चार अनोळखी माणसांच्या गुडघ्यांत गुडघे घालून बसवायचं आणि त्यांच्या सेल्फीत मागे दिसायचं, हे मला पटेना. आता वाटतं, ते आईला विचारायला हवं होतं का? पण मग पुढचं जे झालं ते पाहता विचारून तरी काय मिळालं असतं!

आमची ट्रिप होती तशीच होती, स्वस्तातली. म्युनिकहून रात्रीची बस, मुक्काम मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या अलीकडे, जमिनीवरच्या भागात. "मेस्त्रेला राहिलात म्हणजे व्हेनिसला राहिला नाहीत" असं काहीजण म्हणतात. बरोबर आहे, नाहीच राहिलो. मेस्त्रेहून आगगाडीनं दहा-बारा मिनिटांत समुद्रावरच्या पुलावरून सांता लुचिया स्टेशन येतं, बाहेर पडलं की पायऱ्यांशी थेट मोठा कालवा. त्या पायऱ्यांवर आई उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, रस्ताच नाही!" हे तिला मेस्त्रेतून आल्यामुळे कमी दिसलं असं मला वाटत नाही.

फुकट किंवा जवळजवळ फुकट काय पाहिलं तेही ऐका. आम्ही पोचलो त्या शुक्रवारी २१ नोव्हेंबर होता, मादोन्ना देल्ला सालूतेचा, म्हणजे मेरीमातेचा सण. १६३० च्या प्लेगात त्या शहरातली जवळजवळ तिसऱ्या हिश्शाची माणसं गेली, तेव्हा तिथल्या राज्यकर्त्यांनी नवस बोलला की साथ हटली तर देवीमातेचं मंदिर बांधू. तेच हे सालूतेचं चर्च. दर वर्षी या सणाला मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि लोक मेणबत्त्या घेऊन चालत पलीकडे जातात. आईला नवस म्हटल्यावर पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं मेणबत्ती घेतली, रांगेत पुढच्या बाईनं जसं केलं तसं केलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आपल्याकडे कोविडचा कुणी नवस फेडला का गं?" व्हेनिसला नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांकडून घेतात ते प्रवेशशुल्क आम्हाला पडलं नाही, ते २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैमधल्या ५४ दिवसांनाच होतं. पाणी गल्लोगल्लीच्या नळांचं. जेवण म्हणजे घरून केलेली धपाटी आणि लसणीची चटणी. सान मार्कोच्या चौकात पायऱ्यांवर बसून खाल्लं तर दंड होतो, म्हणून एका लांबच्या चौकातल्या बाकावर बसून खाल्ली.

आता त्या संध्याकाळचं. हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

सालूतेहून परत येताना अंधारून आलं होतं, पण सात वाजायचे होते. एका छोट्या पुलाच्या पायथ्याशी चार-पाच गोंडोले बांधलेले. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, वर जाड जाकीट घातलेला एक गोंडोलावाला हात चोळत उभा होता. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्यानं आईकडे पाहून हात जोडले, "नमस्ते" म्हणाला. आई खूश. तिनं मला काही विचारलं नाही, दर विचारला नाही, सरळ पायरीवर टेकली आणि बुटाची नाडी सोडायला लागली.

कुणाच्याही नावेत पाय ठेवायचा तर पायताण काढायचं, हे तिच्या अंगात आहे. हरिपूरच्या संगमावर नावेतून पलीकडे जायचे तेव्हाची सवय. नोव्हेंबरची थंडी, पायरी ओली, आणि ही बाई माझे जुने स्पोर्ट्स शूज काढत्येय. एक बूट निघाला. आत अंगठ्याचा मरून लोकरी मोजा. तो गोंडोलावाला "नो, नो, सिन्योरा" करत होता आणि हसत होता. मी त्याला दर विचारला. दर मला पाठ होता, तरी विचारला. तो म्हणाला, नाइंटी. आणि मी मराठीत, मोठ्यानं, आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, नऊ हजारांच्या वर होतात."

रुपयांत का सांगितलं? युरोत सांगितलं असतं तरी तिनं गुणाकार केलाच असता, एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलंय तिनं. पण रुपयांत सांगितलेला आकडा निराळा लागतो, हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगितला. हे मी लपवत नाही.

आईनं वर पाहिलं नाही. बूट परत पायात घातला, नाडी बांधली, दुहेरी गाठ मारली. उठली आणि म्हणाली, "तसंही मला पाण्याची भीतीच वाटते. चल."

तेव्हा मला वाटलं, ही धादांत थाप आहे. कृष्णेत पोहायला शिकलेली बाई. माहेरच्या अंगणात मला सांगायची की घाटावरून उडी मारून पैलतीराला लागायची पैज लावायचो. माझे पैसे वाचवायला ती खोटं बोलली असं मी धरून चालले, आणि त्या रात्री मेस्त्रेच्या खोलीत तिच्यावरच चिडले. "हौस होती तर सरळ सांगायचं, भीतीबिती कशाला!" ती कूस बदलून झोपली.

मग मला २०१९ आठवलं. ऑगस्टचा महापूर. मी पुण्यात हॉस्टेलवर, सांगलीचे फोन लागत नव्हते, आणि आई-बाबांना गच्चीवरून रबरी बोटीत घेऊन बाहेर काढलं होतं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं गेली. आई त्या बोटीबद्दल कधी बोललेली नाही. बाबा सांगतात, ती बोलते फक्त नंतर काढलेल्या चिखलाबद्दल. त्यानंतर ती कुठल्याच नावेत बसलेली नव्हती, हरिपूरलाही नाही. मग भीती खरी होती का? आणि खरी असेल तर तिनं बूट का काढायला घेतला?

व्हेनिसलाही २०१९ मध्येच मोठं पाणी आलं होतं, १२ नोव्हेंबरला, १८७ सेंटिमीटर, १९६६ नंतरचं सगळ्यात उंच. दारांच्या उंबऱ्यांवर लोखंडी फळ्या बसवायच्या खाचा दुसऱ्या दिवशी आईनं मला दाखवल्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या. मी तिला सांगितलं की आता समुद्राच्या तोंडाशी ७८ दरवाजे आहेत, भरती चढायला लागली की वर उचलतात, २०२० च्या ऑक्टोबरपासून चालू झालेत. ती म्हणाली, "आणि आमच्याकडे आलमट्टीचे दरवाजे कधी उघडायचे यावरच दोन राज्यं भांडतात." एवढंच. बोटीचा विषय नाही.

त्याच दुपारी, शनिवारी, आम्ही त्रागेत्तोनं मोठा कालवा ओलांडला. मोठ्या कालव्यावर कायमचे पूल चारच, म्हणून मधे मधे या आरपार नेणाऱ्या नावा असतात. परक्याला दोन युरो, गावच्या माणसाला त्याहून कमी. सांता सोफियाच्या धक्क्यावरून बसायचं आणि पलीकडे रियाल्तोच्या मासळीबाजाराशी उतरायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. गावची माणसं उभ्यानंच जातात, पिशव्या हातात, फोनवर बोलत. यात चढायचं आईनंच ठरवलं. मी म्हटलं, पाण्याची भीती वाटते ना? ती म्हणाली, "पलीकडे तर जायचंय की." बूट काढले नाहीत. एका हातानं माझा दंड धरला, इतका घट्ट की रात्री वळ दिसला, आणि मधोमध, जिथे मोठ्या बोटीच्या लाटेनं नाव डुलली, तिथे डोळे मिटले. उतरल्यावर मात्र मागे वळून वल्हं मारणाऱ्या दोघांना म्हणाली, "छान चालवता हो." मराठीतच.

आता सांगा, याचा अर्थ काय लावायचा. मला दोन्ही बाजूंनी लावता येतो.

सांगलीला परतल्यावर तिनं भिशीत सांगितलं, गोंडोलात बसले. वहिनी गेल्याच उन्हाळ्यात टूरबरोबर जाऊन आली होती. तिनं माझ्या फोनमधला फोटो मोठा करून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मामी, हा गोंडोला नाही. ही फेरी आहे." तिथून हा प्रश्न सुरू झाला, म्हणजे तुम्ही जो विचारता तो.

वहिनीला माझं उत्तर असं की त्रागेत्तोची नाव गोंडोल्याच्याच जातीची आहे, फक्त अंगानं रुंद, नटवलेली नाही, आणि एकाऐवजी दोघं वल्हवतात. दोन्ही नावा गोंडोलावालेच चालवतात. हवं तर आणखी सांगते. ज्या गोंडोल्यात तू बसलीस तो सरळ नसतो. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद ठेवलेली असते, कारण वल्हं एकाच बाजूला असतं; तसं केलं नाही तर नाव गोल गोल फिरेल. हे आम्ही सान त्रोवाझोच्या गोंडोले बांधायच्या कारखान्यासमोर उभं राहून पाहिलं, कालव्याच्या या काठावरून, फुकट. आत एक गोंडोला पालथा घालून ठेवला होता. आई तिथून हलेना. तिचे वडील सुतारकाम करायचे. "तळ बघ, कसा वाकवलाय," एवढंच ती बोलली, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. अर्धा तास सहज झाला असेल. वहिनीच्या नव्वद युरोतल्या अर्ध्या तासात यातलं काही होतं का, हे मला विचारायचंय. पण हे विचारतानाच मला कळतं की मी हिशेब करत्येय, वहिनीइतकाच.

माझ्यातली जुनी मी अजून म्हणते, ठीकच केलंस, आईला किराणाच्या पैशातली सैर घशाखाली उतरली नसती. नवी मी म्हणते, नऊ हजार हा शब्द मोठ्यानं उच्चारायची काय गरज होती, हळूच पैसे देऊन टाकले असतेस तर तिनं दुसराही बूट काढला असता. आणि मग कालव्याच्या मध्यावर, अंधारात, तिला ती रबरी बोट आठवली असती तर? अर्धा तास त्या अरुंद नावेतून उतरायलाही जागा नसते.

मी फोनवर एकदा विचारून पाहिलं, आई, तेव्हा खरंच भीती वाटली होती का? ती म्हणाली, "तुझी परीक्षा कधी आहे?"

आत्या, तुम्ही मेमध्ये निघालाय आणि आईलाही बरोबर न्यायचं म्हणताय असं कळलं. मेमध्ये शुक्रवार ते रविवार प्रवेशशुल्क असण्याची शक्यता धरा. मेस्त्रे व्हेनिसच्या पालिकेतच येतं, तिथे मुक्काम असला तरी शुल्क माफ असतं, फक्त ती सूट ऑनलाइन नोंदवावी लागते. तुम्ही चौघं आणि आई धरून पाच, म्हणजे एका नावेत बसाल. जुलै २०२० पर्यंत सहा जण बसवायचे, पण पाहुण्यांची वजनं वाढली म्हणून एक जागा कमी केली असं तिथले गोंडोलावालेच सांगत होते. सातच्या आत बसा. आईला दर आधी सांगू नका. किंवा सांगा, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. सांगितलात तर ती घासाघीस करायला लागेल, तेवढं सांभाळून घ्या.