कुसात्सूच्या पाण्यात उतरण्याआधी

आधी जोडवी काढून ठेवा. पैंजण, चांदीची साखळी, सगळंच. जपानमधल्या कुसात्सू गावच्या गरम झऱ्यांच्या पाण्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते, आणि पाण्यात उतरल्यावर हे आठवून उपयोग नसतो.

गुन्मा प्रांतातलं हे डोंगरी गाव सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. आगगाडी गावापर्यंत जात नाही. टोकियोच्या उएनो स्थानकाहून एक्स्प्रेसनं अडीच तासांत नागानोहारा-कुसात्सुगुची स्थानक, पुढे बसनं २५ मिनिटं. गावाच्या मधोमध युबाताके हा मोठा गरम झरा आहे. तिथे पन्नास अंशांहून गरम पाणी लाकडी पन्हळींमधून खेळवत निववतात आणि तळाशी साचलेलं गंधक खरवडून घेतात. गावभरच्या झऱ्यांतून मिनिटाला ३२ हजार लिटरांहून जास्त पाणी आपोआप वर येतं, पंप लावावा लागत नाही. माझ्या मते जपानमध्ये एकच ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्यांचं गाव, बघायचं असेल तर हेच.

निववण्याची दुसरी रीत म्हणजे युमोमी. सुमारे सहा फुटी फळ्यांनी, गाणं म्हणत, पाणी ढवळायचं. थंड पाणी मिसळलं तर तापमान उतरतं, पण गुणही पातळ होतो, म्हणून एवढी मेहनत. मला हे फार मोलाचं वाटतं.

युबाताकेच्या शेजारी शिराहाता-नो-यू हे सार्वजनिक स्नानगृह आहे, तिथे पैसे पडत नाहीत. पुरुष-बायकांची सोय वेगळी, अंगावर कपडा नाही. उन्हवरे किंवा गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांची सवय असलेल्यांना इथेच संकोच वाटतो. खरी अडचण मात्र पाण्याची आहे. सामू (pH) २च्या आसपास, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतकं आंबट. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून अंग मुक्कामीच स्वच्छ करून निघा. त्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग नको, बारीकशी चीरसुद्धा झोंबते. डोळ्यांना पाणी लावू नका.

टाकीत थेट पाय टाकणारे हमखास चटका खाऊन बाहेर येतात. काठावर बसा, लाकडी घंगाळानं आधी पावलांवर, मग मांड्यांवर, खांद्यांवर पाणी घ्या. शेवटी मान खाली घालून डोक्याच्या मागच्या बाजूवर ओता. इथल्या जुन्या स्नानविधीत हे तीसेक वेळा करतात, कारण डोक्याला उष्णतेची सवय झाली नाही तर उठताना भोवळ येते. मग हळूहळू उतरा आणि हलू नका. हललं की त्वचेलगतचा जरा निवलेला थर मोडतो आणि नवं कढत पाणी अंगाला लागतं. तीन मिनिटं पुरे. बाहेर या, पाणी प्या, हवं तर पुन्हा उतरा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, तो डोक्यावर घडी घालून ठेवतात.

याच आम्लामुळे खालच्या युकावा नदीत मासे जगत नव्हते, पुलांचं काँक्रीट झिजत होतं. १९६४पासून तिथे अखंड चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून सोडतात. तुमच्या टॉवेललाही हेच आम्ल लागतं: साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच बॅगेत ठेवा. नाजूक त्वचा असेल तर अंगावरूनही साधं पाणी घ्या.