मेपलच्या सिझनला फार्मवर व्हॉलंटियर व्हायचंय? आधी फॉर्मचं बघा (माझा अनुभव)

दर फेब्रुवारीत ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं की तू ते मेपलच्या झाडातून सिरप काढायला जातेस ना, आम्हाला पण सांग कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधीच सांगते, झाडातून रस काढणं सोपं आहे. फार्मच्या ऑफिसमधून परवानगी काढणं अवघड आहे. माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, श्रूजबरीला. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, वर्क परमिट नाही, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) पण नाही. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच अडणार आहे. घरापासून साधारण अर्ध्या तासावर एक कम्युनिटी फार्म आहे, नॉन-प्रॉफिट, भाजीचे शेअर विकतात (आधी पैसे भरायचे आणि सिझनभर भाजीचा वाटा न्यायचा), कोंबड्या-मेंढ्या आहेत आणि मार्चमध्ये शाळेची पोरं मेपल बघायला येतात. मला त्या पोरांच्या टूरला मदत करायची होती. इथे पोरांबरोबर काम म्हटलं की कोरी नावाचा चेक होतो, म्हणजे तुमच्या नावावर राज्यात काही गुन्हा आहे का ते बघतात. रास्त आहे, करा ना चेक, माझी काहीच हरकत नव्हती.

व्हिसाचंही सांगून टाकते कारण सगळ्यात आधी तेच विचारतात. एच-फोरवर बिनपगारी काम चालतं, पण संस्था नॉन-प्रॉफिट हवी आणि ते काम एरवीही व्हॉलंटियरच करत असले पाहिजेत. ज्या कामाला माणूस पगारावर ठेवतात ते तुम्ही फुकट करून देताय असं नको. आणि बदल्यात काही घेऊ नका, अगदी भाजीचा शेअरसुद्धा नको. शंका असेल तर वकिलाला विचारा, मी वकील नाही.

तर फॉर्म. ऑनलाईन होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्माचं गाव, उंची फूट-इंचात, डोळ्यांचा रंग, वडिलांचं पूर्ण नाव, आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव. इथपर्यंत ठीक. मग एक रकाना, यापूर्वी तुम्ही आणखी कोणत्या नावाने ओळखल्या जात होतात. आता आमच्याकडे कोल्हापूरला लग्नात नाव बदललं होतं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं होतं, कागदोपत्री कुठेच नाही, पण सासरी सगळे त्याच नावाने हाक मारतात. ते लिहायचं का? नवरा म्हणाला, "अगं राहू दे ते, उगाच त्या नावाची बाई शोधत बसतील." माहेरचं नाव लिहिलं, तांदळातलं सोडलं, पुढे गेले.

पुढे सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे सहा आकडे. शेजारी लाल चांदणी. रिकामं ठेवलं तर सबमिटचं बटण करडं, दाबताच येत नाही. "नाही" लिहिलं तर म्हणतो फक्त आकडे टाका. मी ईमेल केलं, नीट, नम्रपणे, की बाबा माझ्याकडे हा नंबर नाही, कायद्याने मिळूच शकत नाही, काय करू. उत्तर आलं की तुमच्या उत्साहाबद्दल धन्यवाद, कृपया फॉर्म पूर्ण भरून सबमिट करा. परत ईमेल केलं, स्क्रीनशॉट जोडून, लाल रंगात गोल करून. परत तेच उत्तर, शब्दसुद्धा तेच, शेवटची स्माईली पण तीच. फोन केला तर व्हॉइसमेल, आम्ही शेतात आहोत, निरोप ठेवा. ठेवला. शेतात असाल तर छानच आहे हो, मला पण शेतातच यायचंय!

एकदाच एका बाईंनी फोन उचलला आणि काय म्हणाव्या? "सगळे शून्य टाका ना, बरेच जण तसंच करतात." हे मात्र अजिबात करू नका. गुन्ह्याचं रेकॉर्ड तपासायच्या फॉर्मवर, वर सही करून, खोटा नंबर? आपण व्हिसावर असतो, उद्या कुठल्या इंटरव्ह्यूत कोण काय उकरून काढेल सांगता येत नाही. मी म्हटलं शून्य टाकणार नाही, दुसरं सांगा. मग म्हणाल्या, विचारून कळवते. कोणाला विचारलं ते देवाला माहीत, कळवलं काहीच नाही.

आणि इकडे हवामान! मेपलचं सगळं गणित हवेवर असतं. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा त्याच्या वर, म्हणजे फॅरनहाइटमध्ये रात्री पंचविशीत आणि दिवसा चाळीसच्या आसपास, अशी चढउतार झाली की झाड वाहतं. रात्री थंडीने झाडाच्या आत ओढ तयार होते आणि मुळांकडून पाणी वर खेचलं जातं, सकाळी ऊन लागलं की आतला दाब वाढतो आणि भोक दिसेल तिथून रस बाहेर येतो. हे असं चार ते सहा आठवडे चालतं, आमच्याकडे साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. कळ्या फुगायला लागल्या की रसाची चव बिघडते, खेळ खलास. मी रोज सकाळी फोनवर तापमान बघायचे, रात्री सव्वीस दिवसा त्रेचाळीस, म्हणजे तिकडे बादल्या भरतायत आणि मी इथे लाल चांदणीकडे बघत बसलेय. शेजारची तेलुगू मैत्रीण म्हणाली, एवढं काय, दुकानात मिळतं की सिरप. तिच्याशी अख्खा दिवस बोलले नाही.

मग मी राज्याच्या वेबसाईटवर जाऊन मूळ कोरी फॉर्म शोधला, जो राज्याने संस्थांसाठी काढलेला असतो तो. आणि त्यात काय असावं? त्याच रकान्याच्या शेजारी छोटा चौकोन, "सोशल सिक्युरिटी नंबर नाही". सरकारने विचार केलेला आहे हो! फार्मने कुठल्यातरी पोर्टलवर तो फॉर्म परत टाईप करून घेतला आणि तेवढा चौकोन गाळला. सरकारी कागद शहाणा आणि आपलं प्रेमळ कम्युनिटी फार्म अडेलतट्टू, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

कागदी फॉर्म प्रिंट केला, भरला, चौकोनात टिक केली, स्कॅन करून पाठवला. उत्तर: आम्ही आता पेपरलेस आहोत, कृपया पोर्टल वापरा. मग दुसरं ईमेल, तुम्हाला कागदच द्यायचा असेल तर नोटरी करून पोस्टाने पाठवा. बरं, नोटरीसाठी बँकेत गेले. तुमचं खातं असेल त्या बँकेत विचारा, बऱ्याच ठिकाणी खातेदारांना फुकट करून देतात. सही घरून करून नेऊ नका, त्यांच्यासमोर करावी लागते. पण त्या दिवशी नोटरीवाले सुट्टीवर, पुढची अपॉइंटमेंट आठवड्याने. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडू यायचं बाकी होतं, बाहेर छान ऊन, छपरावरचा बर्फ ठिबकतोय, झाडं वाहतायत.

शेवटी शनिवारी उठून सरळ फार्मवर गेले. पासपोर्ट, लायसन्स, भरलेला पण सही न केलेला फॉर्म, आणि लायसन्स काढताना सोशल सिक्युरिटी ऑफिसने दिलेलं नकाराचं पत्र, असं सगळं फाईलमध्ये घालून. (ते पत्र कधी फेकू नका, जपून ठेवा.) ऑफिस बंद. अंड्यांचे खोके रचत एक बाई उभ्या होत्या, मातीने भरलेले बूट, त्याच शेताच्या मॅनेजर निघाल्या. मी सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. त्यांनी फॉर्म बघितला, पासपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं, तिथेच खोक्यावर ठेवून माझी सही घेतली आणि खाली ओळखपत्र तपासल्याची स्वतःची सही केली. झालं. संस्थेच्या माणसाने समोर ओळखपत्र बघितलं तर नोटरी लागतच नाही, फॉर्मवरच लिहिलेलं आहे. वर त्या म्हणाल्या, "बादल्या उचलायला हा फॉर्म कशाला पाहिजे? तो फक्त पोरांच्या टूरला. शनिवारच्या कामाला नुसता वेव्हर सही करायचा." (वेव्हर म्हणजे काही लागलं-पडलं तर फार्म जबाबदार नाही असा कागद.) म्हणजे मी एवढे दिवस घरी बसले ते कशासाठी, हे मला ऑफिसमधल्या एकाही माणसाने सांगितलं नव्हतं!

तर पहिला सल्ला हाच, ईमेल करत बसू नका, चिखलात जा. शेतावरची माणसं शहाणी असतात. आणि जानेवारीतच सुरू करा.

त्याच दिवशी कामाला लागले. भोकं बरीचशी आधीच पाडून झाली होती, पण कडेची दोन-चार झाडं उरली होती, तर मला ड्रिल दिलं. खोड निदान दहा-बारा इंच जाड हवं, जुन्या भोकाच्या जवळ नवीन पाडायचं नाही, ड्रिलचं पातं पाच-सोळांश इंचाचं, आत दीड ते दोन इंच, आणि किंचित वरच्या दिशेने म्हणजे रस आपोआप बाहेर उतरतो. बाहेर येणारा भुसा बघायचा, फिकट दुधी असला तर लाकूड जिवंत, तपकिरी आला तर जागा चुकली. मग नळी ठोकायची, हळू, हातोडीचा आवाज बद्द येत असतो तो एकदम ठाम होतो, तिथे थांबायचं, नाहीतर झाड चिरतं. मी थांबले आणि नळीच्या टोकाला थेंब आला, लगेच! बोटावर घेऊन चाखला, जवळजवळ पाणीच, मागे किंचित गोड. साखर जेमतेम दोन टक्के असते. म्हणून तर चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन सिरप.

बादल्या वाहून आणणं हे खरं काम. पाच गॅलनची भरलेली बादली चाळीस पौंडांच्या वर जाते, म्हणजे एकोणीस-वीस किलो, आणि खाली अर्धा बर्फ अर्धा चिखल. दोन अर्ध्या बादल्या घ्या, एक भरलेली घेऊ नका, तोल राहतो. रस दुधासारखा नासतो, त्यामुळे ऊन वाढलं की ठेवून चालत नाही, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी आटवायला घ्यायचाच.

आटवायची जागा म्हणजे शुगरहाऊस, छपराला वरून वाफ जायला झडपा, आत लांबट सपाट कढई आणि खाली लाकडाचा जाळ. आत पाऊल टाकलं आणि मला थेट आमच्या मामांचं गुऱ्हाळ आठवलं, फक्त उसाची चिपाडं नाहीत आणि गुळव्याच्या जागी फ्लॅनेलचा शर्ट घातलेले एक आजोबा. फेस वर यायला लागला की ते लोण्याचा इवलासा तुकडा टाकायचे, फेस गपकन खाली. रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "मग त्यात काय, आपल्याकडं तेलाचं बोट सोडतात की. मळी काढतात का नाही?" मळी म्हणावी तशी नाही, पण वर फेस काढतात, आणि शेवटी गाळताना खाली बारीक रेतीसारखं काहीतरी उरतं, झाडातली खनिजं असतात ती. बाबांना भेंडीचं पाणी घालत नाहीत हे मात्र पटलं नाही.

तयार झालं कधी हे तीन प्रकारे बघतात. पाणी त्या दिवशी जितक्या तापमानाला उकळतं त्याच्या सात अंश फॅरनहाइट वर, म्हणजे साधारण २१९. मग हायड्रोमीटर, म्हणजे सिरपचा दाटपणा मोजायची तरंगती काचेची नळी. आणि आजोबांची पद्धत, पसरट डाव बुडवून वर धरायचा, थेंब थेंब पडलं तर कच्चं, कडेला एकत्र येऊन पडद्यासारखं सुटलं की झालं. मला डाव धरायला दिला तेव्हा हात थरथरत होता, पण बरोबर ओळखलं! हायड्रोमीटरने पण हेच सांगितलं.

सिझनच्या सुरुवातीचं सिरप फिकं सोनेरी असतं आणि शेवटाकडे गडद होत जातं. घ्यायचंच असेल तर गडद घ्या, घावनाबरोबर काकवीच्या जवळ जातं. फिकं म्हणजे महाग आणि चवीला पुळचट, हे माझं मत, आजोबांचं उलट होतं.

कोरी पुढच्याच आठवड्यात क्लिअर होऊन आला आणि शेवटच्या दोन शाळांच्या टूर मला मिळाल्या. तिसरीतली पोरं, प्रत्येकाला बादलीचं झाकण उघडून बघायचंच असतं. त्यांना सांगायला एक गोष्ट चांगली पडते, की गोरे लोक इथे यायच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ लोक हा रस काढून आटवत होते. एकाने विचारलं झाडाला दुखतं का. शास्त्र असं की निरोगी झाड ते भोक बुजवतं आणि पुढच्या वर्षी आपण दुसरीकडे पाडतो, मी तेवढंच सांगितलं.

मेपल नाही जमलं तरी मार्चमध्ये इतर कामं असतात आणि त्यांना गर्दी नसते. ग्रीनहाऊसमध्ये कांदा आणि लीकचं बी ट्रेमध्ये टाकणं, सफरचंदाची छाटणी, कोकरं होतात तेव्हा रात्रीच्या पाळ्या (त्या मात्र नवख्यांना देत नाहीत). ग्रीनहाऊसचं काम मागून घ्या, बाहेर बर्फ असताना आत स्वेटर काढून बसता येतं.

आणि हो, बूट. स्नो बूट घालून जाऊ नका, चिखल वरून आत येतो, गुडघ्यापर्यंतचे रबराचे गमबूट घ्या, एक नंबर मोठे, आत दोन मोजे मावतील असे. जुनं जॅकेट घाला, शुगरहाऊसमधली धूर आणि साखर मिसळलेली वाफ त्यात बसली की दोन धुण्यात जात नाही. पोर्टलवर ती लाल चांदणी यंदाही आहे, मी बघितलं, तेव्हा एच-फोरवाल्यांनी कागदी फॉर्म आणि पासपोर्ट घेऊन शनिवारी सकाळी नऊच्या आत पोचा, नऊनंतर मॅनेजर बाई ट्रॅक्टरवर असतात.