हरेगावच्या वाटेवर पंधरा स्तोत्रं

पहाटे चारला निघालो तेव्हा नगर झोपेत होतं. आम्ही अकरा जण, त्यात दोन वर्षांची एक छोटी, बापाच्या पाठीशी शालीच्या झोळीत बांधलेली. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची यात्रा भरते. नगरहून राहुरी, बेलापूर, श्रीरामपूर करत गेलं की ७०-७५ किलोमीटर भरतात. गुरुवारी पहाटे निघायचं आणि शनिवारी दुपारपर्यंत माउलीच्या पायाशी पोहोचायचं, हा शेजारच्या मावशींचा दरसालचा नेम. त्यांचं हे सोळावं वर्ष होतं, माझं पहिलं.

मी या वाटेला लागले याचंच आमच्या घरात नवल होतं. आम्ही प्रोटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरात काम सुरू केलं, त्या मंडळीतलं आमचं घराणं. मरियेपुढे मेणबत्ती लावायची आमच्यात रीत नाही. प्रभूकडं जायला मधे कुणी लागत नाही, असं बाबा सांगायचे. सांगायचे, कारण आता ते काही सांगत नाहीत.

दीड वर्षापूर्वी बाबांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. बहुतेक माणसांचं बोलण्याचं केंद्र त्याच बाजूला असतं, म्हणून उजवं अंग आणि वाचा दोन्ही एकदम गेली. हातपाय व्यायामानं थोडे सावरले, काठी धरून ते दारापर्यंत येतात. बोलणं आलं नाही. एकच शब्द उरलाय, ‘आता’. भूक लागली की ‘आता’, राग आला की ‘आता’, नातवाला जवळ घेतलं तरी ‘आता’. चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलेला, अख्खी स्तोत्रं तोंडपाठ असलेला माणूस. मी स्वतः नर्स आहे. सुधारणा व्हायची ती पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, हे मला डॉक्टरांनी सांगावं लागत नाही. तरी मी मागत राहिले. उपास केले, प्रार्थनेच्या साखळीत नाव घातलं, रात्री त्यांच्या उशाशी हात ठेवून बसले. मग कधीतरी मागणं थांबलं आणि त्याबरोबर प्रार्थनाही थांबली. मला दुसरी प्रार्थना येतच नव्हती.

आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभांत, साक्षी होतात; देवानं काय दिलं ते लोक पुढं येऊन सांगतात. अमक्याला नोकरी लागली, तमकीची गाठ विरघळली, आणि सगळे हालेलुया म्हणतात. मला त्या आनंदाचा हेवा नाही, देवानं दिलं ते दिलं. पण ज्यांना मिळालं नाही त्यांना साक्ष द्यायला कुणी पुढं बोलवत नाही. ते मागच्या बाकावर बसतात आणि आपलाच विश्वास कमी पडला असं समजून घरी जातात. हे चूक आहे, आणि मी ते दीड वर्ष भोगलंय.

मावशी म्हणाल्या होत्या, “अगं, एकदा आईच्या कानावर घालून बघ.” मी त्यांना आमची शिकवण ऐकवली. त्यावर त्यांनी विचारलं, “बायबलात काना गावच्या लग्नात मरियेनं काय केलं गं?” मी म्हणाले, द्राक्षारस संपला म्हणून सांगितलं. “आणि?” आणि चाकरांना म्हणाली, तो सांगेल ते करा. “झालं तर मग,” मावशी म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. मी पटलं म्हणून निघाले नाही. शेवटचं एकदा मागून बघावं, इतकंच मनात होतं.

पिशवीत बाबांचं बायबल घेतलं होतं. स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं चालणाऱ्यांची आहेत. सणाला यरुशलेमेला चढून जाणारे लोक ती वाटेत म्हणत. बाबांनी आमच्याकडून ती पाठ करून घेतली होती, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेका आंब्याच्या बोलीवर. दिवसाला पाच म्हणायची असं मी ठरवलं.

विळद घाटातून जाताना १२१ वं म्हटलं. डोळे डोंगरांकडे लावून मला मदत कुठून येणार असं विचारणारं. लहानपणी वाटायचं, मदत डोंगरातून येते असं स्तोत्रकार म्हणतोय. तसं नाही. तो डोंगराकडं बघून विचारतो आणि उत्तर डोंगर घडवणाऱ्याकडं शोधतो. पुढं वचन आहे, तो तुझा पाय ढळू देणार नाही. देहऱ्याच्या अलीकडं, उजाडता उजाडता, एका ट्रकला वाट द्यायला मी साइडपट्टीवर उतरले आणि खड्ड्यात पाय मुरगळला. घोटा टरारून सुजला. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि मला रडू फुटलं, दुखण्यानं कमी आणि त्या वचनानं जास्त. म्हटलं, हेही नाहीच ना?

मावशींनी काही समजावलं नाही. स्वतःच्या पदराची पट्टी फाडली आणि घोट्याला आठाच्या आकड्यात आवळून बांधली, अशी की मी दवाखान्यात याहून चांगली बांधली नसती. म्हणाल्या, “माझ्या खांद्यावर हात टाक. जड झालीस तर सांगीन.” राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत मी तशीच चालले, बाजरीच्या कणसांवर पाखरं उतरत होती ते बघत.

हा नगर-मनमाड रस्ता म्हणजे देवाला निघालेल्यांचाच रस्ता आहे. याच वाटेनं साईंच्या पालख्या शिर्डीला जातात, राहुरीतून शिंगणापूरला जाणारे वळतात. चहाच्या टपरीवर मालकानं आमच्या पायांकडं बघून विचारलं, “साई का शनी?” मावशी म्हणाल्या, “हरेगाव.” “मतमाउली व्हय! मग पैसे ठेवा पिशवीत.” त्यानं दहा चहा आणि छोटीला दोन पार्ले बिस्किटं दिली. आईपुढं आमच्यासाठी पण एक मेणबत्ती लावा म्हणाला. त्याच्या टपरीत गणपतीचा फोटो होता, त्याला ताजं जास्वंद वाहिलेलं.

राहुरीत मुक्काम होता. मुळेला पाणी होतं, वर धरण भरलेलं. राहुरीत मला रेव्हरंड टिळकांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढं लक्ष्मीबाईंसह वर्षानुवर्षं याच गावात राहिले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते म्हणत. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना त्यांनी देवाशी आपल्या भाषेत बोलायला शिकवलं. ओवी, अभंग, लाडानं रागावणं, हे सगळं आमच्या प्रार्थनेत त्यांच्यामुळं हक्काचं झालं. बाबा त्यांची पदं पेटीवर म्हणायचे. पेटी आता कापडाखाली असते.

त्या रात्री झोप लागली नाही, घोट्यानं नाही, छोटीनं. तिच्या आईनं आठवड्यापूर्वी तिला अंगावरून तोडली होती. कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा आणि मनावर दगड ठेवायचा, जसं आपल्याकडं सगळ्या करतात. दिवसभर लेकरू बापाच्या पाठीवर मजेत होतं, पण रात्री आईच्या कुशीत गेलं की पदर ओढायचं आणि आकांत मांडायचं. ज्या मांडीवर आजवर सगळं मिळालं, तिथंच आता मिळत नाही, हे तिला कळेना. मावशींनी, बापानं, सगळ्यांनी घ्यायचा प्रयत्न केला. ती कुणाकडं जाईना. आईकडंच जायची, आणि आईवरच चिडून पाय झाडायची. तिची आई तिला थोपटत बसली होती, स्वतःच्या डोळ्याला पाणी, पण पदर काही सैल केला नाही. अडीच-तीन वाजता पोरगी हुंदके देत दमून झोपली.

शुक्रवारचा दिवस उसाचा. राहुरी फॅक्टरी, देवळाली प्रवरा, दोन्ही अंगांना ऊस आणि मधे पाटाचं पाणी. चालताना फारसं काही सुचत नव्हतं. १२६ वं म्हटलं, आसवांनी पेरणाऱ्यांचं, आणि आवाज मधेच गेला. बेलापूरला प्रवरेच्या पुलावर वारा लागला तेव्हा जरा बरं वाटलं. एका घरी पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढला होता. ते घर मंडळीतलं नव्हतं, पण त्यांच्या आजीपासून यात्रेकरूंना जेवू घालायची पद्धत आहे म्हणाले. रात्री छोटी पुन्हा रडली, पण थोडा वेळच.

शनिवारी शेवटची पाच स्तोत्रं. अंधारात निघालो होतो म्हणून १३० वं तर नेमकं त्या वेळेचं होतं. पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यांपेक्षा माझा जीव प्रभूची वाट जास्त बघतो, असं सांगणारं. रात्रपाळी केलेल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही. पहाटे चार ते सहा हे वॉर्डातले सगळ्यांत लांब तास असतात.

श्रीरामपूर ओलांडून नेवाशाच्या रस्त्याला लागलो. हरेगाव फाट्याअलीकडं एका वडाखाली टेकलो तेव्हा ऊन चढलं होतं. पुढं हाच रस्ता नेवाशाला जातो, जिथं ज्ञानदेवांनी खांबाला टेकून गीतेवर मराठीत टीका सांगितली. त्यांनाही आपण माउली म्हणतो, विठोबालाही माउली म्हणतो, आणि इथल्या मराठी ख्रिस्ती माणसानं येशूच्या आईलाही तेच नाव दिलं. देवाचं जवळचं असं काही सांगायचं झालं की आपल्या भाषेला हाच शब्द आधी सुचतो.

मी १३१ वं काढलं. तीनच ओव्यांएवढं आहे. बाबा पाठ करून घेताना म्हणायचे, लहान आहे म्हणून सोपं समजू नका. त्यात स्तोत्रकार म्हणतो, मी माझा जीव शांत केला आहे, आईजवळ बसलेल्या दूध तुटलेल्या बाळासारखा.

हे मला शंभर वेळा पाठ होतं. मी नेहमी ते पित्या बाळाचं चित्र समजत आले होते. आईच्या छातीशी लागलेलं, पोट भरून झोपलेलं. पण शब्द तसा नाही. दूध तुटलेलं.

समोर छोटी होती. झोळीतून उतरून ती आईकडं चालत आली आणि मांडीवर चढली. मी श्वास रोखला, आता पदर ओढणार म्हणून. तिनं ओढला नाही. आईच्या हातातल्या बांगड्या एकेक करून वर सारल्या, पुन्हा खाली घेतल्या, मग पाठ आईच्या पोटाला टेकवून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसली. आईनं तिच्या केसांतली काडी काढली. बराच वेळ दोघी तशाच. पित्या लेकराला आईच्या मांडीवर स्वस्थ बसता येत नाही, ते दूधच हुंगत असतं. हिला आता तिथं काही मिळणार नव्हतं आणि ती तरी तिथंच येऊन बसली होती, आई हवी म्हणून.

मी पुस्तक मिटलं. मावशींनी विचारलं, “काय गं, पाय दुखतोय?” मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

हरेगाव एके काळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव. कंपनीनं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या होत्या, त्या परत मिळवायला खंडकऱ्यांच्या पिढ्या झगडल्या. कारखाना केव्हाच बंद पडला, यात्रा मात्र १९४९ पासून भरतेय. संत तेरेजा चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. जालन्याकडचे, संभाजीनगरकडचे, नाशिककडचे लोक, झाडाखाली अंथरुणं टाकून, चुली मांडून. माइकवरून जपमाळ चालली होती, ‘नमो मरिये’ एका बाजूनं उठायचं आणि दुसरी बाजू ते उचलून धरायची. रांगेत अडीच तास गेले. माझ्या पुढची बाई हातात एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून होती. मागचा मुलगा परीक्षेचं हॉल तिकीट. मी त्या दोघांसाठी मनापासून मागितलं, आणि ते मागताना जड गेलं नाही.

माझी पाळी आली. मूर्तीपुढं मी काय करावं हे मला अजूनही नीट माहीत नाही. मी हात जोडले आणि ज्याची ती आई, त्याला सांगितलं, “बाबा बोलत नाहीत.” पुढचं वाक्य तीन दिवस तयार होतं. ते मी म्हटलं नाही. मागून रेटा आला तोवर तशीच उभी राहिले. टपरीवाल्याची मेणबत्ती लावली, मग मावशींच्या काडीवर माझी.

बाहेर येऊन चपला सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. घरी फोन लावला. भावानं उचलला, बाबांच्या कानाला लावतो म्हणाला. एरवी मी बाबांशी फोनवर एकटीच बडबडते, कारण शांतता झाली की मला धीर धरवत नाही. जेवलात का, औषध घेतलं का, व्यायाम केला का, म्हणा बरं माझं नाव. या वेळी मी म्हटलं, “बाबा, पोहोचले,” आणि गप्प बसले. पलीकडं त्यांचा श्वास ऐकू येत होता, जरा घरघरणारा. मागं कुकरची शिट्टी झाली. माझ्याकडं माइकवरची जपमाळ चालू होती, ती त्यांना जात असावी. मी दगडावर बसून घोट्यावरची पट्टी सोडत राहिले, फोन खांद्यात धरून. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

“आता,” बाबा म्हणाले.

“हो बाबा,” मी म्हणाले. फोन दोघांनीही ठेवला नाही.