सेटर पाहिजे

नाशिकला सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या गेटांवर एक पाटी नेहमी लटकलेली असते : 'सीएनसी सेटर कम ऑपरेटर पाहिजे'. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारं मशीन. ऑपरेटर म्हणजे काय ते कोणालाही कळतं. सेटर म्हणजे काय हे सांगायला गेलं की एका टीचभर इंग्रजी शब्दाचा पसारा समोर येतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तीत 'सेट' या क्रियापदाला ४३० अर्थ दिले होते आणि ती एकटी नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. पुढे 'रन'ने सहाशेच्या वर अर्थ जमवून त्याला मागे टाकलं. धावणाऱ्याने बसलेल्याला मागे टाकलं, यात नवल ते काय!

सेट हा मुळात बसलेलाच शब्द. जुन्या इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आपण मध्ये एक 'व' घालतो, त्यांनी आतला स्वर बदलला, एवढाच फरक. हे ध्यानात आलं की ४३० अर्थांची धास्ती ओसरते, कारण त्यांतले कितीतरी आपलं 'बसवणे' मुकाट्याने सांभाळत आलं आहे. फरशी बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, नाटक बसवतात, नवरात्रात घट बसवतात. सराफ बाजारातला कारागीर खडा बसवतो, आणि खड्याच्या त्या घराला तर आपल्याकडे 'कोंदण' असा देखणा स्वतंत्र शब्द आहे. खडा धरून ठेवणाऱ्या अंगठीच्या नख्या झिजल्या की आधी त्या साडीच्या धाग्यात अडकायला लागतात, मग एक दिवस खडा पडतो. नखी अडकली की अंगठी दुरुस्तीला द्यावी, खडा पडायची वाट पाहू नये.

सेटरचं कामही बसवण्याचंच. ड्रॉइंग वाचून तो चकात, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात, सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) लावतो आणि जॉबच्या, म्हणजे घडवायच्या तुकड्याच्या, मापाला ते आतून कोरून घेतो. मग एकेका टूलचा ऑफसेट, म्हणजे त्याच्या जागेचा फरक, मशीनला देतो, जॉबच्या फेसवर (पुढच्या तोंडावर) झेडचा, म्हणजे लांबीच्या मापाचा, शून्य घेतो आणि पहिला पीस सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेका आज्ञेला थांबत, रॅपिड (टूलची मोकळी धाव) कमी ठेवून काढतो. मायक्रोमीटर लावून माप जुळलं की मशीन ऑपरेटरच्या हवाली. ऐकायला सोपं आहे. पण जॉच्या खाली धातूची एक बारीक चिप (कापताना निघालेला कीस) राहिली तर जॉब बसत नाही, थोडा तिरका धरला जातो आणि रनआउट येतो, म्हणजे फिरताना तो डगमगतो. पातळ भिंतीची रिंग असेल आणि चकचा दाब जास्त ठेवला, तर गंमत आणखी वेगळी. मशीनवर भोक अगदी गोल येतं, जॉ सोडले की तेच भोक तीन जागी फुगतं, कारण दाबाखाली वाकलेली रिंग पुन्हा आपल्या जागी जाते. नवशिका मायक्रोमीटरला दोष देत बसतो. ऑफसेटमध्ये ०.०५ च्या जागी ०.५ पडलं, तर नशीब चांगलं असेल तेव्हा एक पीस भंगारात जातो आणि नसेल तेव्हा टूल.

मग एवढं सगळं 'बसवणे' करत असताना मराठीने 'सेट' उसना का घेतला? इंग्रजीची हौस हे उत्तर पुरेसं नाही. खरी अडचण 'बसवणे'त नाही, 'बसणे'त आहे. मराठीत वस्तू आपण होऊन बसली की ती बहुधा खालीच जाते. आवाज बसतो, पाया बसतो, धंदा बसतो. बांधकामावर गवंडी 'स्लॅब सेट झाला' म्हणाला तर मालक चहा मागवतो. 'स्लॅब बसला' म्हणाला तर मालकच बसतो. धंद्याचंही तेच. 'धंदा बसला' ही दुःखद बातमी आणि 'धंद्याचा जम बसला' ही आनंदाची. बसण्याला शुभ करायचं तर सोबत जम, घडी किंवा बस्तान असं कोणीतरी द्यावं लागतं. 'सेट'ला सोबतीची गरज नाही.

सिमेंटच्या बाबतीत तर हा शब्द काटेकोर व्याख्येचा आहे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटला पहिला सेट यायला निदान ३० मिनिटं लागली पाहिजेत आणि शेवटचा सेट ६०० मिनिटांच्या आत आला पाहिजे. विकाटच्या उपकरणातली एक चौरस मिलिमीटरची सुई सिमेंटच्या लगद्यात सोडतात. ती तळापासून साधारण ५ मिलिमीटरवर अडायला लागली की पहिला सेट झाला. सिमेंट लगेच धरू नये म्हणून दळतानाच त्यात जिप्सम घालतात. पहिला सेट होऊन गेलेल्या मालात वरून पाणी ओतून तो पुन्हा नरम करायचा, हा साइटवरचा आवडता उद्योग ताकदीच्या मुळावर येतो. आणि सेट झालं म्हणजे कडक झालं असंही नाही. ताकद २८ दिवस नि पुढेही वाढत राहते, म्हणून निदान ७ दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर १० दिवस, पाणी मारायचं.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांच्या निफाड-दिंडोरीकडे वळलं की सेटचं सेटिंग होतं. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, साधारण चाळीस दिवसांच्या आसपास द्राक्षाचा घड फुलोऱ्यात येतो आणि मग बागेत एकच प्रश्न : सेटिंग कसं झालं? पुस्तकात याला फळधारणा म्हणतात, बांधावर कोणी म्हणत नाही. नेमक्या त्या आठवड्यात ढग आले, पाऊस पडला, की फुलाची टोपी नीट गळत नाही, घडात ओल राहते, गळ आणि कूज सुरू होते, डाऊनी हा बुरशीचा रोग आहेच. थोडी गळ मात्र हवीच. सगळे मणी धरले तर घड इतका गच्च होतो की मण्यांना फुगायला जागा राहत नाही, मग थिनिंगची, म्हणजे मणी विरळ करण्याची, मजुरी वाढते. फुगवणीसाठी जीएचं (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाचं) डिपिंग, म्हणजे त्याच्या पाण्यात घड बुडवणं, मणी ३-४ मिलिमीटरचे झाल्यावर करायचं. सेटिंग चालू असताना घाई केली तर एकाच घडात ज्वारीएवढे आणि गोटीएवढे मणी शेजारी शेजारी दिसतात.

दह्याने मात्र या पाहुण्याला दारातच थांबवलं. दही 'लागतं', आणि त्याहून चांगला शब्द कोणी सुचवू नये.

कपबशांचा सेट, पंपसेट, दागिन्यांचा सेट, हा सेट घरचा नाहीच. तो लॅटिन 'सेक्टा'वरून फ्रेंचमार्गे आला, म्हणजे अनुयायांचा जथा, आणि दिसायला सारखा म्हणून बसवण्याच्या सेटमध्ये मिसळून गेला. आपल्याकडे त्याला गणिताच्या पुस्तकातला 'संच' आहे. गणितात संचातला घटक पुन्हा मोजत नाहीत, तेव्हा अगदी एकसारख्या सहा कपांचा सेट त्या हिशेबाने एकाच कपाचा होतो. दुकानदाराला हे सांगू नये. 'सेटिंग लावणे' हा प्रकार कोशात सापडणार नाही. त्याची व्याख्या टेबलाखाली असते.

राहिली सेट परीक्षा. प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा. ते नाव इंग्रजी आद्याक्षरांचं, त्याचा बसण्याशी काही संबंध नाही, परीक्षेला बसावं लागतं तेवढाच. मुलांच्या बाबतीत मराठीने हा घोळ लिंगावर सोडवला आहे. 'सेट झाली का?' म्हणजे परीक्षा, 'सेट झाला का?' म्हणजे पोरगा. मुलगी असली की दोन्ही चौकश्या 'सेट झाली का?' अशाच येतात, आणि लग्नाच्या मांडवात यातल्या नेमक्या कोणत्या प्रश्नाला हो म्हणायचं, ते तिनं ठरवायचं.