मनसरचं वळण

आमचं मूळ दुकान नागपुरात, बुलेट दुरुस्तीचं. रविवारी गिऱ्हाइकं जमायची, आठ-दहा गाड्या फुटाळा तलावावर चहा पिऊन परत. मग कुणीतरी म्हणालं, भाऊ, एक मोठी राइड काढा. काढली. ६२ गाड्या, रामटेक.

कामठी, कन्हान झकास गेलं. मनसरला रामटेकसाठी उजवीकडे वळायचं. मी सगळ्यात पुढे. वळलो, आरशात पाच-सहा दिवे दिसले, तेवढ्यावर खूश. गडाच्या पायथ्याशी मोजल्या तर ४२. मग फोन वाजला, "भाऊ, इथं तं मध्य प्रदेशचा बोर्ड लागला!" जबलपूर रोडनं देवलापार ओलांडून २० जण थेट खवासाला. सगळे सुखरूप आले, पण एका पोराच्या वडिलांनी दुकानात येऊन जे सुनावलं ते मी निमूट ऐकलं. चूक माझीच होती.

त्या दिवशी कळलं, राइड मागून चालवायची असते. पुढच्यानं ६० धरला की मधली अंतरं ताणत जातात आणि शेपटाला ८० नं पळावं लागतं. म्हणून आमचा पुढचा गडी ५० च्या आसपास राहतो आणि नवखे त्याच्या लगेच मागे. सरळ रस्त्यावर गाड्या तिरप्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. घाटात एकामागे एक. दर वळणावर एक मार्शल, म्हणजे वाट दाखवणारा गडी, उतरतो, हात दाखवत उभा राहतो आणि शेवटची गाडी येईपर्यंत हलत नाही. शेवटची गाडी माझी: रेडियमचं जॅकेट, पंक्चर किट, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, प्रथमोपचाराची पेटी.

हिशेब असले की डोकं भणभणतं. पंपावर दोन नोझल, गाडीला दोन मिनिटं, तर ६० गाड्यांना एक तास! म्हणून टाकी आदल्या रात्रीच फुल. तर्री पोह्याच्या टपरीवाल्यालाही आकडा आधीच कळवतो, नाहीतर तो बिचारा पोहे भिजवेपर्यंत ऊन चढतं. मे महिन्यात राइडचं बुकिंगच घेत नाही. पारा ४५ ला टेकला की हेल्मेटमध्ये माणूस शिजतो. आणि "समृद्धीनं जाऊ ना भाऊ" म्हणणाऱ्यांना दर वेळी सांगावं लागतं, तिथं दुचाकीला बंदी आहे.

पैशाचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं दुकानानं राइडला पोसलं. राइड काढायला सांगणाऱ्या एका शोरूमनं बॅनरवर आमचं नाव मोठं छापलं आणि उरलेले पैसे वर्षभर अडकवले. आता निम्मे आधी, मगच पोलिसांच्या परवानगीचा अर्ज.

परवा पुन्हा रामटेक, ७० गाड्या. मनसरच्या वळणावर आमचा सर्वांत लहान मार्शल उभा, घामाघूम, हात उजवीकडे. मागे वाटेत एकाची क्लच केबल तुटली होती, मला पोचायला २५ मिनिटं उशीर झाला. पोरगं तसंच उभं. मी हॉर्न दिला, मग त्यानं हात खाली घेतला आणि किक मारली.