ओरव्यांच्या देवाला झोप लागते का?

गेली तीन वर्षं मी एक कादंबरी लिहितोय. मनानं रचलेलं एक खोरं, तिथले ओरवी नावाचे लोक आणि त्यांचे सहा ऋतूंचे सहा सोहळे. पावसाळ्याच्या तोंडावरचा ‘जलजागर’ माझा लाडका: पौर्णिमेची रात्र, नदीकाठी हजार दिवे, पांढऱ्या वस्त्रांतले पुजारी. सोलापुरात पंख्याखाली बसून लिहिलेला. आषाढात माळशिरसपासून माउलींच्या पालखीबरोबर चालायला लागलो आणि पहिल्याच दिवशी त्या दिव्यांतलं तेल संपलं.

वाटेत खुडूस फाट्याला गोल रिंगण होतं. मी मागे उभा, त्यामुळे आधी नुसती धूळ दिसली. मग पताकावाले धावले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावल्या आणि शेवटी घोडे. पुढच्यावर जरीपटका घेतलेला स्वार, मागच्याची पाठ मोकळी. त्या पाठीवर माउली बसलेत. घोडे गेले तशी माणसं टापांखालच्या मातीवर तुटून पडली. बंदोबस्ताच्या एका पोलिसानं इकडंतिकडं बघितलं, वाकून चिमूटभर माती उचलली, टोपी जरा मागे सारली आणि कपाळाला लावली.

तिथून पुढे सांगोल्याकडच्या एक आजी बरोबर होत्या. काय करतोस विचारल्यावर मी ओरव्यांची गोष्ट सांगितली. वारीत कुणालाही काहीही सांगता येतं.

‘‘मग ती मान्सं पेरनी करून जात्यात का तशीच?’’

ते शेती करतात एवढं मी लिहिलं होतं. पेरणी कधी, कोण करतं, माणसं सोहळ्याला गेली की जनावरांना वैरण कोण टाकतं, काही नाही. आजींचं सगळं चोख होतं. मृगात पेरलेलं उगवून आलेलं, घरी सून आणि धाकटा मुलगा. एका वर्षी पावसानं ताण दिला तेव्हा चालणं रद्द. एकादशीला एसटीनं येऊन कळसाला हात जोडले आणि परत.

‘‘आन् त्यांच्या देवाला झोप लागती का?’’

मी हसलो. त्या नाही हसल्या. ‘‘इठ्ठलाचा पलंग काढत्यात की वारीत. दिवसरात दर्शन. निजायचं कवा त्यानं? पाठीला लोड देत्यात.’’

हे मी पेपरात दरवर्षी वाचतो. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, उभं राहून शिणलेल्या देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री काढा देतात, मग पलंग पुन्हा जागेवर. उन्हाळ्यात त्याला चंदनाची उटी, थंडीत कानपट्टी आणि रजई. माझ्या ओरव्यांच्या देवाला बारा महिने तेच पांढरं वस्त्र! बरं, मी वाढलो सोलापुरात. तिथल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, खोबरं मांडतात आणि ते कशाला तोंड लावतं त्यावरून पाऊसपाण्याची, महागाईची भाकणूक करतात, हे लहानपणापासून बघितलंय. तरी लिहायला बसलो की दिवे आणि पौर्णिमा.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून उतारावर सगळी वारी पळते. आजीही पळाल्या. माझ्या टाचेला हा एवढा फोड, मी लंगडत खाली पोचलो.

संध्याकाळी तळावर समाजआरती. रथापुढच्या 27 आणि मागच्या कितीतरी दिंड्यांचे टाळ एकदम वाजत होते. चोपदारांनी चोप वर केला, लांबलचक ‘हो’ दिला आणि सगळं गप्प. इतकं, की पलीकडच्या राहुटीतला स्टोव्ह ऐकू यावा. फक्त एका कोपऱ्यात टाळ चालूच.

‘‘ह्यांना कळत नाही का?’’ मी कुजबुजलो.

‘‘तक्रार हाय त्यांची,’’ आजी म्हणाल्या. ‘‘ऐकूपातुर वाजवनार.’’

चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं पुकारलं: कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. त्यानंतर आरती. म्हणजे आधी गाऱ्हाणं, मग चष्मा, मग देव. हा क्रम मला कल्पनेनं जन्मात सुचला नसता. माझ्या जलजागरात एकाही माणसाची तक्रार नव्हती. हजार दिवे लावायचे, तरी तेलाचे पैसे कुणी दिले यावरून साधी कुरबूरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भंडीशेगावला फोड फुटला आणि मी निमूट एसटी धरली. आजी पुढे गेल्या. घरी येऊन जलजागराची चौदा पानं काढून टाकली. दिवे चाळीसच ठेवलेत, तेही भांडून जमवलेले. देवाला कुठं निजवायचं ते अजून ठरत नाही.

प्रक्षाळपूजेच्या दिवशी आजींचा फोन आला. ‘‘माउली, देवाचा पलंग आला बरं का जाग्यावर. तुझा पाय काय म्हनतो?’’

‘‘बरा आहे.’’

‘‘आन् तुझ्या त्या मान्सांनी पेरलं का?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘आरं, आषाढ सरत आला की!’’